गावातून ट्रॉम्बेला : बीएआरसीत सायंटिफिक ऑफिसर व्हायचं असेल तर

आमच्याकडे विदर्भात उडीद पेरणाऱ्या कोणत्याही जुन्या शेतकऱ्याला टीएयू-१ हे नाव माहीत असतं. त्या तीन अक्षरांचा अर्थ मात्र थोड्यांनाच ठाऊक असतो. टी म्हणजे ट्रॉम्बे, ए म्हणजे अकोला आणि यू म्हणजे उडीद. बियाण्यावर किरणांचा मारा करून मिळालेल्या बदलांचा उपयोग करत मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्राने, म्हणजेच ट्रॉम्बेच्या बीएआरसीने, आणि अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाने मिळून हा वाण काढला. टीएजी-२४ हा भुईमूगही त्यांचाच. म्हणजे ट्रॉम्बे आपल्या वावरात कधीचं येऊन पोचलेलं आहे. आपली पोरंच तिकडे फार कमी पोचली.

मी तालुक्याच्या कॉलेजात फिजिक्स शिकवतो. वर्गात बीएआरसीचं नाव काढलं की दरवर्षी तेच ऐकू येतं, "सर, ते आयआयटीवाल्यायचं काम हाय, आपल्याले कुठं जमते?" मला याचं फार वाईट वाटतं, कारण ते खरं नाही. या भरतीत शेवटची निवड फक्त मुलाखतीवर होते. लेखी परीक्षेचे किंवा गेट या देशपातळीवरच्या इंजिनिअरिंग-सायन्सच्या परीक्षेचे गुण मुलाखतीच्या दारापर्यंत नेतात आणि तिथेच संपतात. दाराच्या आत तुमचं कॉलेज वर्ध्याचं की पवईचं, यापेक्षा तुम्हाला तुमचा विषय कळलाय का, एवढंच बघतात. हे कोणी वेळेत सांगत नाही म्हणून हा लेख.

आधी संस्था ओळखून घ्या

आपल्याकडे 'अणुसंरक्षण' नावाचं एकच खातं नाही. अणुऊर्जा विभाग १९५४ पासून थेट पंतप्रधानांच्या अखत्यारीत आहे आणि बीएआरसी ही त्याची सगळ्यात मोठी संशोधन संस्था. अप्सरा ही आशियातली सुरुवातीची अणुभट्टी १९५६ मध्ये ट्रॉम्बेलाच सुरू झाली. १९७४ च्या पोखरण चाचणीचं उपकरण बीएआरसीत घडलं. मे १९९८ च्या चाचण्यांत बीएआरसी आणि डीआरडीओ खांद्याला खांदा लावून होते. डीआरडीओ ही १९५८ साली उभी राहिलेली संस्था संरक्षण मंत्रालयाखाली येते. क्षेपणास्त्रं, तोफा, दारूगोळा, रडार ही तिची कामं.

एक गोष्ट आधीच मनात पक्की करा. 'मला अण्वस्त्रांवर काम करायचंय' असा अर्ज कुठेच करता येत नाही. तुम्ही सायंटिफिक ऑफिसर म्हणून भरती होता. पुढे अणुभट्टी, इंधन, लेझर, कॉम्प्युटर, कॅन्सरची औषधं की संरक्षणाचं काम, हे तुमचे गुण आणि विभागाची गरज बघून ठरतं. नेमणूक बीएआरसीबाहेरही होऊ शकते, म्हणजे कल्पाक्कम, इंदूर, हैदराबाद, कोलकाता किंवा एखादं अणुवीज केंद्र. नुसत्या बाँबच्या आकर्षणाने येणारा पोरगा इथे निराश होतो. विषयाच्या ओढीने आलेला मात्र रमतो.

पहिली पायरी : तुम्ही बसता का ते तपासा

मुख्य दरवाजाचं नाव ओसीईएस. बीएआरसीच्या ट्रेनिंग स्कूलचा हा एक वर्षाचा अभ्यासक्रम आहे आणि हे स्कूल १९५७ पासून चालू आहे. इंजिनिअरिंगची पदवी किंवा सायन्सची पदव्युत्तर पदवी लागते आणि किमान ६० टक्के गुण लागतात. मेकॅनिकल, केमिकल, मेटलर्जी, इलेक्ट्रिकल, इलेक्ट्रॉनिक्स, कॉम्प्युटर, इन्स्ट्रुमेंटेशन, सिव्हिल या शाखा चालतात. सायन्समध्ये फिजिक्स, केमिस्ट्री, जीवशास्त्र, भूगर्भशास्त्र हे विषय येतात. शेवटच्या वर्षाला असतानाही अर्ज करता येतो. एमएस्सीवाल्यांनी बीएस्सीला कोणते विषय आणि किती टक्के हवेत हे जाहिरातीत नीट ताडून पाहावं.

वयाची अट खुल्या प्रवर्गाला २६ वर्षं. ओबीसींना तीन आणि अनुसूचित जाती-जमातींना पाच वर्षांची सवलत मिळते. आपल्याकडे पोरं बीई झाल्यावर दोन वर्षं एमपीएससी करून पाहतात, मग एक वर्ष घरची शेती, आणि मग इकडे वळतात. तोवर गाडी निघून गेलेली असते. इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला किंवा एमएस्सीच्या पहिल्या वर्षाला असतानाच सुरुवात करा.

नुसती बीएस्सी किंवा डिप्लोमा असेल तर ओसीईएस नाही, पण दुसरा रस्ता आहे. तो पुढे सांगतो.

दुसरी पायरी : कागद

ही पायरी कंटाळवाणी आहे, पण माझ्या डोळ्यांसमोर सगळ्यात जास्त रडारड हिच्यावरून झालेली आहे.

माझा एक विद्यार्थी, आईवडील मजुरीला जाणारे, हुशार. मुलाखतीचं पत्र आलं तेव्हा त्याच्याकडे ओबीसीचं प्रमाणपत्र होतं, नॉन-क्रिमीलेअर होतं, जात पडताळणीही झालेली होती. सगळे कागद राज्याच्या नमुन्यातले होते. केंद्राच्या भरतीला केंद्र शासनाच्या नमुन्यातलं वेगळं प्रमाणपत्र लागतं, हे त्याला कोणीच सांगितलं नव्हतं. मलाही तेव्हा माहीत नव्हतं आणि त्याची खंत मला आजही आहे. ज्या आठ दिवसांत त्याने अभ्यास करायचा, ते त्याने तहसील आणि उपविभागीय कार्यालयाच्या पायऱ्यांवर काढले.

म्हणून सेतू केंद्रात अर्ज करताना 'केंद्र शासनाच्या नोकरीसाठी' असं स्पष्ट सांगा आणि हातात आलेला कागद तिथेच वाचून घ्या. ईडब्ल्यूएसचंही तसंच. राज्यातल्या काही प्रवर्गांना केंद्राच्या यादीत जागा नाही, तर काही भटक्या जमाती केंद्रात ओबीसीत मोडतात. आपली जात केंद्राच्या यादीत कुठे आहे हे आधीच पाहून ठेवा. जाहिरातीत कोणत्या तारखेनंतरचं प्रमाणपत्र हवं हेही दिलेलं असतं.

दुसरी भानगड नावाची. दहावीच्या सनदेवर 'गजाननराव', आधारवर 'गजानन', पॅनवर नुसता 'जी'. इंग्रजी स्पेलिंग तर तीन कागदांवर तीन. दहावीची सनद प्रमाण धरून बाकीचे सगळे कागद तिच्यासारखे करून घ्या. याला महिने लागतात, म्हणून आत्ताच. आणि मार्कशीटवर सीजीपीए असेल तर त्याची टक्केवारी काढायचं सूत्र विद्यापीठाकडून लेखी घ्या.

तिसरी पायरी : मुलाखतीच्या दारापर्यंत

दारापर्यंत जायला दोन वाटा आहेत, बीएआरसीची स्वतःची ऑनलाइन परीक्षा किंवा गेटचा स्कोअर. दोन्ही द्या. अभ्यास एकच आहे आणि एक वाट चुकली तर दुसरी उरते. ऑनलाइन परीक्षेत दोन तासांत शंभर प्रश्न असतात. बरोबर उत्तराला तीन गुण मिळतात आणि चुकलं तर एक जातो. नागपूरला केंद्र मिळतं. गेटचं केंद्र नागपूर आणि अमरावती दोन्हीकडे असतं.

तारखांचा हिशेब आपल्या हंगामाशी जोडून ठेवा. गेटचा फॉर्म साधारण सोयाबीन सोंगणीच्या दिवसांत बंद होतो. घरात सगळे वावरात, मोबाइलला रेंज नाही, आणि फॉर्म राहून जातो. असं दरवर्षी दोन-तीन पोरांचं होतं. पोळा झाला की फॉर्म भरून मोकळे व्हा. बीएआरसीचा अर्ज बहुधा जानेवारीत निघतो, म्हणजे कापसाच्या पुढच्या वेचण्या चालू असताना. मुलींना आणि अनुसूचित जाती-जमातींना या अर्जाची फी नाही.

क्लासबद्दल माझं मत सरळ आहे. बापाने कापूस विकून आणलेले लाख रुपये क्लासमध्ये घालू नका. आयआयटीच्या प्राध्यापकांची व्याख्यानं एनपीटीईएल या संकेतस्थळावर फुकट आहेत. गावात लाइट जाते, नेट तुटतं, म्हणून कॉलेजच्या वायफायवर ती उतरवून घ्या आणि रात्री बघा. गेटच्या मागच्या प्रश्नपत्रिका सोडवा. प्रश्न चुकला की उत्तर पाहून पुढे पळू नका, तो धडा पुस्तकातून पुन्हा वाचा. कॉलेजच्या लायब्ररीत मूळ पुस्तकं धूळ खात पडलेली असतात, आणि पोरं गाइडच्या झेरॉक्स काढत बसतात.

चौथी पायरी : मुलाखत

खरी परीक्षा ही. ती तासभर चालते, कधी जास्तही. समोर चार-पाच शास्त्रज्ञ, बाजूला बोर्ड, हातात पेन. तुमचे छंद किंवा 'पाच वर्षांनी तुम्ही कुठे असाल' हे विचारत नाहीत. तुमचे पक्के विषय कोणते हे विचारतात आणि मग त्या विषयांत खोल उतरत जातात.

काय होतं ते दाखवतो. आमच्या गावची एक मुलगी अमरावतीला मेकॅनिकलला होती. दिवाळीला घरी आली तेव्हा मी तिची तयारी करून घेत होतो. तिने सांगितलं, हीट ट्रान्स्फर माझा पक्का विषय. मी विचारलं, "आई भाकर टाकण्याआधी तवा तापला का हे कसं पाहते?"

"पाणी शिंपडून."

"तवा नुसता गरम असला तर थेंबाचं काय होतं?"

"पसरते, चुर्र करते अन् उडून जाते."

"आणि तवा लालबुंद व्हायला आला असेल तर?"

"गोयी होऊन नाचते."

"यातला कोणता थेंब जास्त वेळ टिकतो?"

ती थांबली. स्वयंपाकघराकडे पाहिलं, जसं काही तवा तिथून उत्तर देणार होता. मग म्हणाली, "नाचणारा." म्हणजे तवा जास्त तापलेला आणि पाणी उडायला वेळ जास्त! असं का व्हावं? पाच मिनिटं गेली. तिने फळ्यावर तवा काढला, थेंब काढला, आणि मधे एक बारीक फट काढली. थेंबाखाली वाफेचा थर बसतो, वाफ उष्णता नीट वाहून नेत नाही, म्हणून तव्याची आच थेंबापर्यंत पोचत नाही. हे तिने स्वतः शोधलं. मग मी विचारलं, "आता तव्याच्या जागी अणुभट्टीतली इंधनाची कांडी ठेव. भोवती पाणी आहे. कांडीवर असाच वाफेचा थर बसला तर?" तिचा चेहराच बदलला. उष्णता बाहेर निघणार नाही, कांडीच्या आवरणाचं तापमान झपाट्याने चढेल, आवरण निकामी होईल. उकळण्याचा जो आलेख तिने परीक्षेत घोकून काढला होता, त्यातल्या त्या धोक्याच्या टोकाला इतकं महत्त्व का, हे तिला चुलीवरून कळलं.

बीएआरसीची मुलाखत अशीच जाते. सोप्यापासून सुरू होते आणि 'का' विचारत विचारत तुम्हाला न येणाऱ्या जागेपर्यंत नेते. ती जागा येणारच, आणि तिथे तुम्ही काय करता हेच बघायचं असतं. फेकाफेक करू नका. "एवढं मला माहीत आहे, इथून पुढे मी असा विचार करीन," म्हणा आणि बोर्डावर करून दाखवा. अडलात तर ते वाट दाखवतात. दाखवलेली वाट धरता येणं यालाही किंमत असते.

तयारीसाठी आठ विषय वरवर करण्यापेक्षा तीन-चार विषय मुळापासून करा. घरी एका प्लायवूडला काळा रंग देऊन फळा करा आणि रोज एक प्रश्न उभं राहून, मोठ्याने बोलत सोडवा. ऐकायला कोणी नसेल तर धाकट्या भावाला बसवा. त्याला कळलं तर तुम्हाला कळलं. इंग्रजीची धास्ती घेऊ नका. संज्ञा इंग्रजीत असू द्या, वाक्यं छोटी आणि साधी ठेवा. विचार मराठीतून झाला तरी समीकरण तेच येतं. फायनल इयरचा प्रोजेक्ट विकत घेतला असेल तर त्याचं नावही काढू नका. स्वतः केला असेल तर त्यातला प्रत्येक आकडा कुठून आला ते माहीत हवं.

त्या मुलीची पहिल्या वर्षी निवड झाली नाही. दुसऱ्या वर्षी झाली. वय आहे तोवर पुन्हा अर्ज करता येतो, हे तिच्या घरच्यांना पटवायला मला अभ्यासापेक्षा जास्त वेळ लागला.

मुंबईचा प्रवास

मुलाखती अणुशक्तीनगरला होतात. आदल्या दिवशीच पोचा. विदर्भ एक्सप्रेस पकडली तर दादरला उतरून कुर्ल्याला या आणि तिथून हार्बर लाइनने मानखुर्दला. पहिल्यांदा मुंबईला जाणाऱ्याने सकाळी गर्दीच्या वेळी बॅग घेऊन लोकलमध्ये चढायला जाऊ नये, गर्दी ओसरू द्या. बाहेरगावच्या उमेदवारांना नियमाप्रमाणे भाडं परत मिळतं, तेव्हा तिकीट जपून ठेवा. मूळ कागद आणि झेरॉक्स वेगवेगळ्या पिशव्यांत ठेवा.

निवड झाल्यावर

वैद्यकीय तपासणी होते आणि पोलीस पडताळणी होते. पडताळणीला घरी पोलीस आले की गावात कुजबुज सुरू होते, तेव्हा घरच्यांना आधीच सांगून ठेवा. एखाद्या आंदोलनात किंवा भांडणात नाव आलं असेल तर फॉर्मवर खरं ते लिहा. प्रकरणापेक्षा ते लपवणं जास्त नडतं.

मग एक वर्षाचं ट्रेनिंग. होस्टेल मिळतं, दरमहा स्टायपेंड मिळतो. अभ्यास मात्र इंजिनिअरिंगच्या चार वर्षांत केला नसेल इतका. एकामागून एक परीक्षा असतात आणि त्यातल्या गुणांवर पुढची नेमणूक बरीचशी ठरते. विभागात किमान तीन वर्षं काम करण्याचा बाँड लिहून द्यावा लागतो. दुसरा प्रकार डीजीएफएस, त्यात विभाग तुम्हाला खर्च देऊन आयआयटीसारख्या संस्थेत दोन वर्षं एमटेकला पाठवतो. तिथे प्रवेशासाठी गेट हवंच, म्हणूनही गेट द्या म्हणालो. ट्रेनिंगनंतर गट अ अधिकारी म्हणून नेमणूक होते. सातव्या वेतन आयोगाच्या दहाव्या स्तरात, म्हणजे मूळ पगार ५६,१०० रुपयांपासून, वर भत्ते. होमी भाभा नॅशनल इन्स्टिट्यूटमधून नोकरीत राहून पीएचडीही करता येते.

घरच्यांचा प्रश्न

"मास्तर, पोट्ट्याले कॅन्सर तं नाही होनार?" एका बापाने हे मला बसस्टँडवर, माझा हात धरून विचारलं होतं. त्याला जे सांगितलं तेच इथे लिहितो. बरेच अधिकारी किरणोत्सर्गाजवळ जातच नाहीत. जे जातात त्यांच्या छातीवर एक छोटा बिल्ला असतो. कोणी किती किरणं घेतली ते त्या बिल्ल्यावरून ठराविक काळाने मोजून त्या माणसाच्या नावावर लिहिलं जातं. अणुऊर्जा नियामक मंडळाने घातलेली मर्यादा पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० मिलिसिव्हर्ट (शरीराला मिळालेली किरणं मोजायचं माप) आहे आणि कोणत्याही एका वर्षात ३० च्या वर नाही. माती, दगड, आकाश यांच्याकडून जगात प्रत्येकाला सरासरी २.४ मिलिसिव्हर्ट मिळतातच. धोका शून्य आहे असं मी म्हटलं नाही. धोका मोजला जातो, असं म्हटलं. फवारणीच्या दिवसांत आपल्या जिल्ह्यात विषबाधेने काय काय झालंय हे त्याला माहीत होतं. मोजणं म्हणजे काय ते त्याला लगेच कळलं.

दुसरं, मुलगा काय काम करतो हे तो घरी पूर्ण सांगणार नाही. काही कामांबद्दल बोलायला कायद्यानेच बंदी आहे. त्याला खोदून विचारू नका.

इतर दरवाजे

बीएस्सी आणि डिप्लोमावाल्यांसाठी बीएआरसीची स्टायपेंडरी ट्रेनी भरती असते, पहिला प्रवर्ग. आयटीआय आणि बारावी सायन्सवाल्यांना दुसरा प्रवर्ग. ही भरती दरवर्षी निघत नाही, पण निघते तेव्हा मोठी निघते. २०२३ ची जाहिरात ४,३७४ जागांची होती. वयाची अट इथे फार कडक आहे, त्यामुळे लक्ष ठेवून राहा.

एनपीसीआयएल ही सरकारी कंपनी अणुवीज केंद्रांसाठी इंजिनिअर घेते, गेटच्या स्कोअरवर. डीआरडीओचा सायंटिस्ट 'बी' हाही गेट आणि मुलाखतीवरच. त्यांच्या प्रयोगशाळा पुण्यात पाषाणला, सुतारवाडीला, दिघीला, शिवाय अंबरनाथ आणि अहिल्यानगरला आहेत. भूगर्भशास्त्रवाल्यांनी युरेनियम शोधणाऱ्या अणुखनिज संचालनालयाकडे पाहावं, त्याचं मध्य विभागाचं कार्यालय आपल्या नागपुरातच आहे. हातात कौशल्य हवं असेल तर भंडारा, भद्रावतीजवळची चांदा आणि नागपूरची अंबाझरी, या आयुध निर्माण्यांच्या अप्रेंटिसच्या जाहिराती बघत जा.

आणि 'वरपर्यंत ओळख आहे' म्हणणारा दलाल तुमच्याही गावात येईल. नागपूरच्या एखाद्या हॉटेलात बोलावेल, शिक्क्याचं पत्र दाखवेल. बीएआरसीत पैसे देऊन कोणालाही जागा मिळत नाही, एक रुपयाही देऊ नका. जाहिरात फक्त संस्थेच्या अधिकृत संकेतस्थळावर किंवा एम्प्लॉयमेंट न्यूजमध्ये बघा. व्हॉट्सॅपवर फिरणारा फोटो म्हणजे जाहिरात नव्हे. मूळ पीडीएफ उतरवा, तालुक्याला जाल तेव्हा छापून घ्या, आणि पेन्सिल घेऊन पात्रता, वय, तारखा व प्रमाणपत्राचा नमुना या चार ठिकाणी खुणा करा. जे कळलं नाही त्याखाली रेघ मारा आणि तो कागद घेऊन कॉलेजात आपल्या विषयाच्या मास्तरांना गाठा.